आईचा रकाना

मुलाची नोकरी बदलायचं ठरलं तेव्हा मी ओहायोत त्याच्याकडेच होते. २०२५च्या एप्रिलमधली गोष्ट. त्याला वॉशिंग्टनजवळ बेथेस्डाला चांगली जागा मिळाली. सुनेच्या कंपनीचं एक ऑफिस रेस्टनला होतं, तिला तिथं आठवड्यातून तीन दिवस जावं लागणार होतं. म्हणजे दोघांचं एकाच शहराच्या आसपास जमून आलं. मी देवापुढे साखर ठेवली आणि मुलाला म्हटलं, नकाशा दाखव. छत्तीस वर्षं भूगोल शिकवला की नकाशा बघितल्याशिवाय आनंदसुद्धा नीट होत नाही.

बघते तर काय, बेथेस्डा नदीच्या एका काठाला आणि रेस्टन दुसऱ्या काठाला. मधे पोटोमॅक. अलीकडे मेरीलँड राज्य, पलीकडे व्हर्जिनिया. त्या दोन गावांच्या मधल्या वाटेवर एकच पूल, अमेरिकन लीजन ब्रिज. सकाळ-संध्याकाळ सगळी दुनिया त्याच्यावर. मी विचारलं, "वरच्या अंगाला दुसरा पूल नाही का रे?" खूप वर जाईपर्यंत नाही. व्हाइट्स फेरी म्हणून एक तर होती, तारेच्या आधाराने मोटारी पलीकडे नेणारी. धक्क्याच्या जागेच्या वादात तीही २०२०च्या डिसेंबरात बंद पडली. लहानपणी हरिपूरच्या संगमावर नावेतून पलीकडे जायचो त्याची आठवण झाली. असो.

तर प्रश्न असा की घर कुठल्या तीरावर घ्यायचं आणि कुठल्या काउंटीत. काउंटी म्हणजे आपला जिल्हा, असं मी वर्गात मुलांना सांगत असे. ते अर्धंच खरं होतं हे आता कळलं. इथं वरून नेमलेला कलेक्टर नाही. माणसं निवडून येतात आणि शाळा, पोलीस, वाचनालयं, बसगाड्या सगळं काउंटी बघते. आपली जिल्हा परिषद आणि महानगरपालिका एकत्र केली तर जे होईल ते, शिवाय हाताशी भरपूर पैसा. मॉन्टगोमेरी काउंटीच्या एका शाळाखात्यात दीड लाखाहून जास्त मुलं, फेअरफॅक्समध्ये त्याहूनही जास्त. म्हणून इथले लोक गाव कुठलं विचारत नाहीत, काउंटी कुठली विचारतात.

त्यात व्हर्जिनियाची आणखी एक गंमत. तिथं 'शहर' आणि 'काउंटी' एकमेकांच्या बाहेर. फेअरफॅक्स नावाचं शहर फेअरफॅक्स काउंटीच्या मधोमध आहे, पण त्या काउंटीत नाही! सांगली शहर सांगली जिल्ह्यात नाही म्हटल्यासारखं. आणि पत्त्यावर अलेक्झांड्रिया लिहिलेलं असलं तरी ते घर अलेक्झांड्रिया शहरात असेलच असं नाही, फेअरफॅक्स काउंटीतही असू शकतं. परीक्षेत असा प्रश्न काढला असता तर पालक माझ्या घरावर आले असते.

मुलाने त्याच्या स्वभावाप्रमाणे एक्सेलमध्ये तक्ता केला. चार काउंट्या: मेरीलँडमधल्या मॉन्टगोमेरी आणि हॉवर्ड, व्हर्जिनियातल्या फेअरफॅक्स आणि लाउडन. आणि रकाने: शाळा, प्रवास, घराची किंमत, कर वगैरे. प्रत्येक रकान्याला गुण. करांचं मला एवढंच समजलं की मेरीलँडमध्ये राज्याच्या आयकरावर काउंटीचा आयकर वेगळा, तीन टक्क्यांच्या वर. व्हर्जिनियात तो नाही, पण दारातल्या मोटारीवर दरवर्षी कर भरायचा. एकाने खिशातून घ्यायचं, दुसऱ्याने अंगणातून.

मे महिन्यापासून दर शनिवार-रविवार कधी विमानाने तर कधी मोटारीने हे घरं बघायला जात. जुलैत नव्या कंपनीने महिन्याभरासाठी रॉकव्हिलला एक फ्लॅट दिला, तेव्हा आम्ही सगळे सामानसुमान घेऊन तिथं आलो. मग मीही बरोबर जाऊ लागले.

लाउडन सुनेच्या मनात भरलेलं. तिच्या पुण्याच्या दोन मैत्रिणी तिथं ॲशबर्नला राहतात. घरं नवीकोरी, स्वयंपाकघर एवढं मोठं की मीठ विसरलं तर आणायला जाताना चपला घालाव्यात. रस्त्यावर आपल्याकडचे चेहरे पुष्कळ. २०२२च्या नोव्हेंबरपासून मेट्रोसुद्धा ॲशबर्नपर्यंत आली आहे. आणि एक नवल म्हणजे खिडक्या नसलेल्या प्रचंड इमारती, एकीला लागून दुसरी. मला वाटलं कोठारं असतील, आपल्या हळदीच्या पेवांचे आधुनिक अवतार. मुलगा म्हणाला, ही डेटा सेंटरं. जगभरचं इंटरनेट यांच्यातून वाहतं. त्यांच्याकडून काउंटीला इतका कर मिळतो की घरपट्टीचा दर शंभर डॉलरला एक डॉलरच्या आत ठेवता येतो. शेजारच्या फेअरफॅक्समध्ये तो डॉलरच्या वर. म्हणजे मी इथं सांगलीत बसून जे खरडते त्याचाही थोडा भार त्या बिनखिडकीच्या भिंतींवर पडत असेल. बिचाऱ्या!

फेअरफॅक्समध्ये आम्ही सुनेच्या मावसबहिणीकडे जेवायला गेलो. जेवण होईपर्यंत एकच विषय: टीजे. थॉमस जेफरसन नावाची विज्ञानाची सरकारी शाळा, नववी ते बारावी, तिथं प्रवेश मिळाला की जन्माचं कल्याण. पूर्वी प्रवेश परीक्षा होती आणि तिच्यासाठी शिकवण्या होत्या. २०२०मध्ये परीक्षा काढून टाकली आणि प्रत्येक माध्यमिक शाळेतल्या आठवीच्या दीड टक्का मुलांना जागा राखून ठेवल्या. त्यावर पालक कोर्टात गेले, पार सुप्रीम कोर्टापर्यंत. तिथं २०२४च्या फेब्रुवारीत खटला ऐकायलाच नकार मिळाला. हे सगळं ती घरातली बाई मला अशा तळमळीने सांगत होती, आणि माझा नातू, वय वर्षं दहा, टेबलाखाली तिच्या कुत्र्याला पोळी भरवत होता. मी स्वतः वर्षानुवर्षं सकाळी सातला शिष्यवृत्तीचे जादा तास घेतलेत. यादीत नाव न आलेल्या मुलांचे चेहरे मला अजून दिसतात, आलेल्यांचे फारसे नाहीत. पण परक्या घरी जेवताना हे काय बोलायचं? कढीचं कौतुक केलं.

मला स्वतःला आवडलं हॉवर्डमधलं कोलंबिया. जेम्स राऊज नावाच्या माणसाने १९६७मध्ये आखून वसवलेलं गाव. वेगवेगळ्या वंशांची, धर्मांची, कमीजास्त मिळकतीची माणसं शेजारी-शेजारी राहावीत असा त्याचा हेतू. वस्त्यांना 'व्हिलेज' म्हणतात, रस्त्यांची नावं कथा-कवितांमधून घेतलेली. आणि टपालपेट्या घरोघरी न लावता बऱ्याच घरांच्या मिळून एका ठिकाणी, म्हणजे पत्र घ्यायला आलात की शेजारी भेटेल. केवढा साधा विचार! तळ्याकाठी बाकावर बसून मी मुलाला म्हटलं, इथंच घ्या. पण तिथून रेस्टन चाळीसेक मैल. सून काही बोलली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. मी गप्प झाले.

येताना जवळच्या एलिकॉट सिटीत कॉफी प्यायला थांबलो. दगडी घरांचं उताराचं जुनं गाव, त्या काउंटीचं मुख्य ठिकाण. २०१६ आणि २०१८, दोनदा ढगफुटीसारख्या पावसाने तिथला मुख्य रस्ता वाहून नेला होता. मी दुकानदाराला विचारलं, पाणी कुठवर? त्याने हात डोक्याच्या वर नेऊन दाखवला. आम्ही गावभागातली माणसं. २००५ला पाणी, २०१९ला पाणी. आयर्विन पुलाखाली किती फूट झालं हे आमच्याकडे बाजारभावासारखं विचारतात. मग काय, मी माझा हात वर नेऊन २०१९चं माप दाखवलं. त्याने कॉफीचे पैसे घेतले नाहीत.

आता जरा अवघड गोष्ट सांगते. लॅनहॅमला शिव-विष्णू मंदिर आहे, मोठं, दाक्षिणात्य पद्धतीचं. दर्शनाला गेलो. ते कुठल्या काउंटीत विचारलं तर प्रिन्स जॉर्जेस. मेरीलँडमध्येच, वॉशिंग्टनला खेटून. घरं आमच्या चारी काउंट्यांपेक्षा स्वस्त आणि तीही ऐसपैस. मी म्हटलं, "मग ही तक्त्यात का नाही?" मुलगा म्हणाला, "शाळांचं रेटिंग कमी आहे, आई." सून म्हणाली, "तिथं ओळखीचं कुणी राहत नाही." देवळातून बाहेर येताना मी पाहत होते. त्या काउंटीत काळ्या लोकांची संख्या सर्वांत जास्त आहे. देशातल्या काळ्यांच्या सधन वस्त्यांमध्ये तिचं नाव घेतात, डॉक्टर, वकील, सरकारी अधिकारी राहतात. आणि तरी आमच्या तक्त्यात तिला ओळसुद्धा नाही.

शाळेचं रेटिंग म्हणजे काय हे मला कुणी सांगायला नको. बहुतेक परीक्षेचे गुण, आणि परीक्षेचे गुण म्हणजे निम्म्याहून जास्त वेळा आईबापांची मिळकत आणि घरातली पुस्तकं. मी दोन शाळांत शिकवलं. एकीचा निकाल नेहमी शंभराच्या घरात, दुसरीचा चाळीस. बाई तीच होते. पण खरं सांगू, मला मुलावर रागावता येईना. पंचेचाळीस वर्षांपूर्वी ह्यांनी आणि मी घर बघत फिरत होतो तेव्हा आम्हीही "वस्ती कशी आहे?" असंच विचारलं होतं. त्या तीन शब्दांत काय काय विचारलं जातं ते आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. दलाल लगेच समजला होता आणि त्याने दोन गल्ल्या दाखवल्याच नाहीत. आम्ही का दाखवल्या नाहीत म्हणून विचारलं नाही. गाडीत मी हे मुलाला सांगितलं. तो बराच वेळ नुसता गाडी चालवत राहिला. मग म्हणाला, "रात्री बघतो." त्याने खरंच एक ओळ वाढवली, बोवीची दोन घरं पाहिलीसुद्धा. घेतलं नाही. का, ते त्याचं त्याला माहीत.

त्या ओळीमुळेच तक्ता माझ्या हातात आला. पडद्यावर मला वाचता येत नाही, म्हणून म्हटलं छापून दे. छापील कागदावर शेवटी एक रकाना होता: 'आई'. शंभरपैकी पंधरा गुण. खाली तपशील: तळमजल्यावर खोली आणि न्हाणीघर, देऊळ, मराठी माणसं. लाउडनला दहापैकी नऊ, मॉन्टगोमेरीला चार.

मंडळी, आयुष्यभर दुसऱ्यांना गुण दिले. माझेच गुण असे छापील पाहायची वेळ पहिल्यांदा आली. आणि मला कुणी काही विचारलंच नव्हतं.

मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी सगळे बाहेर गेले, नातू पोहण्याच्या शिबिराला. मी दाराला कुलूप लावलं, पर्स घेतली आणि बसथांब्यावर जाऊन उभी राहिले. जायचं होतं रॉकव्हिलच्या चौकातल्या वाचनालयात, जेमतेम दोन मैल. 'राइड ऑन' म्हणून काउंटीची बस आली. मी हातात सुटे पैसे धरून चढले तर ड्रायव्हरने हातानेच नको म्हटलं. नुकतंच, जूनच्या अखेरीपासून, त्यांनी सगळ्यांना तिकीट माफ केलं होतं. ऐटीत बसले. पाच मिनिटं झाली, दहा झाली, वाचनालय येईना. शेवटी बस शेडी ग्रोव्ह स्टेशनात जाऊन थांबली. उलट्या दिशेला! इथं गाड्या उजवीकडून चालतात हे मी वर्गात शिकवलेलं, पण पाय सांगलीचे, ते बरोबर चुकीच्या बाजूच्या थांब्यावर जाऊन उभे राहिले. ड्रायव्हर बाई होती. तिने परतीची बस कुठल्या फलाटावर ते उतरून दाखवलं. माझं इंग्रजी आणि तिचं इंग्रजी दोन्ही आपापल्या गावचं, पण काम झालं.

वाचनालयात गेले. दोन तास बसले. खिडकीशी एक चिनी आजोबा वर्तमानपत्र वाचत होते, एक बाई नकाशांचं जाडजूड पुस्तक परत ठेवत होती ते मी मागून घेतलं. चार महिन्यांत पहिल्यांदा मी कुणाच्या गाडीतून न येता कुठंतरी आले होते. ज्यांचे आईवडील तिकडे राहून आलेत त्यांना हे सांगायला नको. घर कितीही मोठं असो, सकाळी साडेआठला गॅरेजचं दार खाली येतं आणि संध्याकाळी सहाला वर जातं. मधला सगळा वेळ आपण आणि फ्रीजचा आवाज.

घरी पोचले तर मुलगा दारात. मला फोन न्यायचं भान राहिलं नव्हतं. त्याचा चेहरा पांढराफटक. त्याने आवाज चढवला, जन्मात पहिल्यांदा. मीही चढवला. "मला पंधरा गुण देताना विचारलंस का? मला खाली खोली नको, बाहेर जायला रस्ता हवा!" तो म्हणाला, "आई, नोव्हेंबरात तू न्हाणीघरात पडलीस आणि दोन तास तशीच होतीस. कामवाल्या मावशी आठला आल्या म्हणून. शेजारच्या काकांचा फोन आला तेव्हा इथं रात्र होती, मी पोराला झोपवत होतो. मी काय केलं असेल सांग? बसून राहिलो. तिकीट मिळेपर्यंत नुसता बसून राहिलो." आणि तो रडायला लागला. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस.

मग माझ्या लक्षात आलं की तो रकाना माझा नव्हताच, त्याचा होता. त्याच्या त्या रात्रीचा.

सून कामावरून आली तेव्हा आम्ही दोघं गप्प बसून भडंग खात होतो. तिनेच कागद पुढे ओढला, मला लाल पेन दिलं आणि म्हणाली, "आई, तुमचे गुण तुम्ही द्या." मी दिले. लाउडनला चार. तिचा चेहरा उतरला, कारण चांगल्या मनाने तिने तळमजल्याची खोली शोधली होती, पडद्यांचा रंगसुद्धा ठरवला होता. ते मला मागाहून कळलं आणि वाईट वाटलं. रॉकव्हिलला नऊ दिले. एक गुण जिन्यासाठी कापला.

शेवटी निर्णय माझ्यामुळे झाला असं कुणी समजू नये. रॉकव्हिलहून बेथेस्डा मेट्रोने पाचवं स्टेशन. ॲशबर्नहून तिथं जायचं तर शहरात जाऊन गाडी बदलायची, दीड तास. आठवड्यातून पाच दिवस जाणारा तो, तीन दिवस जाणारी ती. तिने पूल पत्करला. सकाळी लवकर निघते, तरी पावसाच्या दिवशी तासभर लागतो, हे मी ऐकते आणि मला अपराधी वाटतं. तिच्या मैत्रिणीही नदीपलीकडेच राहिल्या. मराठी कला मंडळाच्या कार्यक्रमाला दोन्ही तीरांवरचे लोक येतात, तेवढीच भेट.

घर रांगेतलं, तीन मजली, जुनं. खाली गॅरेज, मधे स्वयंपाकघर, वर झोपायच्या खोल्या. जिना एकूण सव्वीस पायऱ्यांचा, मी मोजलाय. बसथांबा घरापासून चार मिनिटांवर, आणि बरोबर बाजूचा.

मी ऑक्टोबरात परत आले. ग्रीन कार्डाचं अजून काही ठरलेलं नाही. मुलगा नागरिक आहे, त्यामुळे अर्ज तो करील. पण मेडिकेअर विकत घ्यायचं तर आधी सलग पाच वर्षं तिथं राहावं लागतं. तोवर मी ऐंशीची. शिवाय माझा जन्मदाखलाच नाही, १९५१ साली आमच्या खेड्यात कोण नोंद करतंय! तेव्हा नोंद नसल्याचा दाखला काढायचा, म्हणजे मी जन्मल्याचा पुरावा नाही याचा पुरावा. अर्ज लिहून ठेवलाय, दिलेला नाही. इकडे न्हाणीघरात गड्याकडून दोन दांड्या बसवून घेतल्यात आणि कामवाल्या मावशी आता सातला येतात. रोज सकाळी मी मुलाला एक टिंब पाठवते, उठले म्हणून. तो उलट एक टिंब पाठवतो.

परवा त्याचा फोन आला. जिन्याला दुसऱ्या बाजूनेही कठडा बसवतोय, सुतार उंची विचारतोय, तू उभी राहून तुझ्या हाताच्या मापाने सांग. शिवणाच्या टेपने मोजलं. तेहेतीस इंच भरलं. मग आठवलं की मी चप्पल घालून मोजलं होतं आणि तिकडे घरात अनवाणी असते. बत्तीस कळवायला हवं, सुतार शनिवारी येणार आहे.